दादूसचा टिलर

पनवेल म्हटलं की हल्ली लोक दोनच गोष्टी विचारतात. विमानतळ तुमच्यापासून किती लांब, आणि सलमान खानचं फार्महाऊस नेमकं कुठे. दोन्हींची उत्तरं मला ठाऊक आहेत, पण देताना जीव लागत नाही. उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं पनवेल त्याच्या नेमकं पाठीला आहे. स्टँडवरून नेऱ्याकडे, मालडुंग्याकडे जाणारी एसटी पकडायची आणि समोर प्रबळगड, माथेरानचा डोंगर दिसू लागेपर्यंत गप्प बसून राहायचं. त्या डोंगरातून गाढी नदी उतरते. तिच्या काठच्या एका गावाच्या शेवटाला आमचं घर होतं. दिवाळीनंतर ते पाडलं.

घराबद्दल फारसं लिहिणार नाही. चार खोल्या, मंगलोरी कौलं, पुढे अंगण, मागे परसू, कडेला एक रायवळ आंबा. अशी घरं कोकणात ज्याला त्याला असतात आणि ज्याची त्याला जगावेगळी वाटतात. वडील तिथल्या शाळेत शिक्षक होते, म्हणून आम्ही तिथे. आमची शेती नव्हती. हे सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा मजकूर शेजारच्या घराचा आहे. पाडलेल्या जागेवर जाऊन उभी राहिले तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं झालं ते भिंती नव्हत्या म्हणून नाही. भातं कापून झाली होती, खाचरांत अजून ओल होती, वाल पेरायचे दिवस होते, आणि कुठूनही टिलरचा आवाज येत नव्हता.

टिलर दादूसचा. आगरी माणसं थोरल्या भावाला दादूस म्हणतात. हा अख्ख्या आळीचा दादूस होता. माझे वडील त्याच्याहून वयाने मोठे, तरी तेही त्याला दादूसच म्हणत, आणि तो त्यांना गुर्जी. बुटका, रुंद खांद्यांचा, बारा महिने बंडी आणि अर्धी खाकी चड्डी. बोलणं कमी. त्याच्या वाटचं सगळं बोलून घ्यायला वयनी होती.

बैलजोडी विकून आणि पंचायत समितीच्या अनुदानात पदरचे पैसे घालून त्याने टिलर आणला तो नव्वदीच्या दशकात. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीचा, १३ अश्वशक्तीचा. ही कंपनी १९६७ साली जपानच्या मित्सुबिशीबरोबर भागीदारीत निघाली, त्यामुळे आळीत यंत्राचं नाव पडलं ‘मिचबुशी’. फिरत्या पात्यांनी माती घुसळायची युक्ती मुळात कोनराड फॉन मायेनबुर्ग नावाच्या एका स्विस माणसाची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. ती भातशेतीत फळाला आणली जपान्यांनी, कारण त्यांची खाचरंही आपल्या कोकणासारखीच, चिमुकली आणि बांधाबांधांनी तुटलेली. मोठा ट्रॅक्टर तिथे वळत नाही, आणि रुतला तर निघत नाही. दादूसला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने टिलर पडवीत लावला तो जुन्या बैलगाडीच्या एका चाकाशेजारी. पनवेल एकेकाळी गाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं गाव. घाटावरचे गाडीवान इथून चाकं घेऊन जात. त्याच्याकडे उरलेलं ते एक चाक त्याने शेवटपर्यंत विकलं नाही, आणि वयनी त्यावर गोधड्या वाळत घालायची.

सकाळी टिलर सुरू करणं हा बघण्यासारखा कार्यक्रम असे. आधी टाकीत पाणी भरायचं, बोटाने पट्टे दाबून बघायचे, डिझेलचा कॉक उघडायचा. मग डाव्या हाताने एक छोटा खटका उचलून धरायचा, म्हणजे सिलिंडरमधली कोंडलेली हवा मोकळी होते आणि हँडल हलकं फिरतं. उजव्या हाताने हँडल गरागरा फिरवायचं आणि वेग आला की खटका सोडून द्यायचा. इंजिन एकदा खोकायचं, काळ्या धुराचं वेटोळं आंब्याच्या फांद्यांत चढायचं आणि टक-टक-टक सुरू व्हायचं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ वळायची नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जायला हवं. अंगठा अडकला तर मोडतो. आळीतल्या एका पोराचा मोडला होता. तेव्हापासून दादूस हँडल कुणाच्या हातात देत नसे.

मृग लागायच्या आधीपासून त्याच्या टिलरला उसंत नसे. मे संपता संपता प्रत्येकाच्या दारचे चर मोकळे करायचे, लाकूडफाटा आणि पेंढा ट्रॉलीत घालून आडोशाला आणायचा. जून-जुलैत चिखलणी. रबरी चाकं काढून लोखंडी जाळीची चाकं चढवायची, आणि ती डांबरी रस्त्यावर चालत नाहीत म्हणून बांधाबांधाने लांबचा वळसा घालून दुसऱ्याच्या खाचरात उतरायचं. टिलरचा पात्यांचा पट्टा असतो साधारण ६० सेंटीमीटर रुंद. म्हणजे एका एकरात एकदा फिरायला पावणेसात किलोमीटर चालावं लागतं, तेही पोटऱ्या बुडतील एवढ्या चिखलातून, थरथरणारे दोन दांडे आवळून धरत. आणि एकदा फिरून भागत नाही. कोरडवाहू कामासाठी टिलरला मागे एक छोटी बैठक जोडता येते, पण चिखलात तिचा उपयोग नाही. दादूस आयुष्यभर त्या यंत्राच्या मागून चालला.

गणपतीच्या आधी अंगणं साफ करायची. टाकळा, तेरडा कमरेएवढा वाढलेला असे. बायका कापायच्या आणि ढिगारे ट्रॉलीतून हलवायचं काम दादूसचं. देव चिखलातून घरात येऊ नये म्हणून दारापर्यंत खडीची पाटी टाकून द्यायचंही त्याचंच. आणि भात कापल्यावर, ओल उडायच्या आत, वालासाठी नांगरट. आधी त्याची खाचरं, मग ज्याच्या त्याच्या परसवात दोन-दोन, चार-चार फेऱ्या. आमच्या परसवात त्याचा टिलर शिरला की आई हातातलं काम टाकून मागच्या दारात उभी राहायची. तिला उलटलेल्या मातीचा वास आवडायचा, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला दिसायचं.

या सगळ्याचा हिशोब कसा होता ते मी कित्येकदा आठवून बघितलंय. ज्यांची शेती होती त्यांचं सोपं होतं. सावड. दादूसने एका सकाळी तुमचं खाचर चिखलून दिलं, तर तुमच्या घरची एक बाई एक दिवस त्याच्या आवणीला. डिझेलचा कॅन ज्याचा त्याने आणायचा. हे कुठे लिहिलेलं नसायचं, वयनीच्या डोक्यात असायचं, आणि वयनीचं डोकं सावकाराच्या वहीहून पक्कं होतं. आमचं काय? वडील त्याच्या मुलाला संध्याकाळी गणित शिकवायचे. सातबाऱ्याचे, सोसायटीच्या कर्जाचे अर्ज लिहून द्यायचे. होळीला आईच्या पुरणपोळ्या जायच्या. पण परसवाच्या चार फेऱ्या बरोबर किती पोळ्या, असं समीकरण कुणी मांडत नव्हतं. मांडलं असतं तर वडिलांनीही सोडवायला नकार दिला असता, आणि ते गणिताचे मास्तर होते.

खरी फेड व्हायची जानेवारीत, पोपटीला. आमच्याच परसवातल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, कारण ती माती दादूसने उलटलेली. मडक्याला आतून भांबुर्ड्याच्या पाल्याचा थर, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मधूनमधून अंडी, मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब आत नाही. मडक्यावर ओल्या हाताने शिंतोडा मारायचा आणि तो कसा चर्र होतो त्यावरून झालं की नाही ते ओळखायचं. हे ओळखण्याचा मान दादूसचा. आमच्या घरात अंडी-कोंबडी शिजत नसे, पण परसवाच्या त्या कोपऱ्याला वडिलांनी घर मानलं नव्हतं. सोयीस्कर शास्त्र!

बायांनी औताला हात लावायचा नाही, असा आपल्याकडचा रिवाज. आवणी करून कंबर मोडून घ्या, पण नांगर धरू नका. मी सातवी-आठवीत असताना एकदा दादूसला विचारलं, मी धरू? वयनी ओरडली, पाऊस जाईल म्हणाली. दादूस थोडा वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, “ह्यो काय नांगर नाय. मशीन हाय.” मग त्याने माझे हात दांड्यांवर ठेवले, त्यांवर आपले ठेवले, आणि आम्ही परसवातून नदीच्या अंगाला निघालो.

टिलरला स्टिअरिंग नसतं. दोन्ही दांड्यांखाली एकेक पट्टी असते. उजवीकडे वळायचं तर उजवी दाबायची; त्या बाजूच्या चाकाची ताकद तुटते, दुसरं चाक पुढे जातं आणि यंत्र वळतं. हे मला लगेच जमलं. पण आमचं परसू मागे गाढीकडे उतरतं झालेलं. उतार लागला, मी उजवी पट्टी दाबली आणि टिलर डावीकडे, थेट केळीच्या बुंध्यावर निघाला. उतारावर सगळं उलटं होतं. ताकद तुटलेलं चाक मोकळं सुटून जास्त पळतं, आणि इंजिनाला जोडलेलं चाक मागे अडतं. चिखलात, सपाटीवर एक शहाणपण. उतारावर बरोबर त्याच्या उलट. दादूसने डावीकडची पट्टी दाबून केळ वाचवली आणि मोठ्याने हसला. त्याचं असं हसणं मी फार वेळा ऐकलेलं नाही. “उताराला हात उलटा लागतो, बाय,” म्हणाला, आणि टिलर वळवून वर चढवायला घेतला.

आता २००५ चा जुलै. २६ तारीख, मंगळवार. मुंबईच्या त्या दिवसाबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, बंद पडलेल्या लोकल, पाण्यातून चालत घरी गेलेली माणसं. खाली महाड तालुक्यात जुई, दासगावला दरडी कोसळून अख्ख्या वाड्या गाडल्या गेल्या. पनवेल शहरात गाढीकाठचे मोहल्ले पाण्यात गेले. आमचं गाव नदीच्या वरच्या अंगाला. तिथे पाणी साचून राहत नाही, धावत येतं आणि धावत जातं. संध्याकाळी ते परसवात होतं, दिवे गेले तेव्हा ओटीवर, आणि जेवायच्या वेळेला आम्ही सगळे समोरच्या स्लॅबच्या घराच्या गच्चीवर ताडपत्री धरून बसलो होतो. दादूसने अंधार पडायच्या आत टिलर मारुतीच्या देवळाच्या उंच ओट्यावर नेऊन उभा केला होता. रात्रभर विजेच्या लखलखाटात मारुती आणि मिचबुशी शेजारी शेजारी दिसत होते.

पाणी उतरलं आणि गाळ राहिला. चक्क्यासारखा घट्ट, करडा, ढोपरापर्यंत. घरात, अंगणात, विहिरीच्या काठावर, चुलीत. त्यात भिजलेला तांदूळ, वह्या, मेलेल्या कोंबड्या, कुणाच्या तरी गोठ्याचं दार. फावड्याने एक पाटी काढावी तर तिच्या जागी शेजारचा गाळ सरकून यायचा. आईने तासभर उपसलं आणि मग नुसतीच पायरीवर बसून राहिली.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला देवळाकडून टक-टक ऐकू आलं. दादूसने पाती काढून ठेवली होती, लोखंडी चाकं चढवली होती, आणि आवणीआधी खाचर सपाट करायची लाकडी फळी दोराने मागे बांधली होती. फळीवर वजनाला दोन पोरं उभी. पोरं दोर धरून लगाम खेचल्यासारखी मागे रेललेली, आणि पुराच्या रात्रीची भीती विसरून चक्क मजेत. तो आधी गेला शेवटच्या घरी, तिथे बाळंतीण होती. दाराला पाठ लावून टिलर पुढे घ्यायचा, फळीखाली गाळाची लाट गोळा व्हायची, ती अंगणाबाहेर नेऊन सोडायची, फळी उचलून मागे यायचं आणि पुन्हा. चौथ्या-पाचव्या फेरीला खालची शेणाने सारवलेली जमीन दिसली. ती दिसल्याबरोबर त्या घरातली म्हातारी रडायला लागली.

दुसरा नंबर आमचा, कारण वडील आजारी होते. त्या सकाळचा तो तास मी कुठूनही, कितीही बारकाईने सांगू शकते. दादूसच्या बंडीवर पाठीमागे गाळाच्या शिंतोड्यांची रांग. तुळशीवृंदावनापाशी येऊन त्याने टिलर बंद केला, फावडं घेऊन भोवतालचा गाळ हाताने काढला आणि पुन्हा हँडल मारलं. एवढ्या घाईत, एवढी घरं बाकी असताना. वडील खिडकीत खुर्चीवर. दोघं एक शब्द बोलले नाहीत. आईने विनासाखरेचा काळा चहा दिला, साखर वाहून गेली होती. तो पिऊन त्याने कप स्वतः विसळला.

मग वाद सुरू झाला तो गाळ टाकायचा कुठे यावर. रस्त्यावर ढकलला तर समोरच्याच्या दारात. नदीकडे ढकलला तर वाटेत दोघांची परसवं. आवाज चढले, जुनी बांधांची भांडणंही बाहेर निघाली. दादूसने इंजिनाचा आवाज कमी केला आणि म्हणाला, “माज्या खोलग्यात टाका.” नदीकाठी त्याचा एक खोलगट तुकडा होता, थोडं कडवाळ आणि केळी असलेला. आख्ख्या आळीचा गाळ तिथे गेला. त्याचं स्वतःचं अंगण सगळ्यांत शेवटी, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निघालं. दरम्यान त्याची लावलेली खाचरं गाळाखाली गाडली गेली होती. वयनी एकदा जाऊन बघून आली आणि त्या दिवशी मात्र काही बोलली नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आळीतून बाया निघाल्या. वरच्या माळावरच्या गावांत ज्यांची रोपं उरली होती त्यांच्याकडून मुठी आणल्या, आणि दादूसची खाचरं पुन्हा लावली. साडीचा काष्टा मारून माझी आईही गेली, जन्मात पहिल्यांदा. उशिराची आवणी; पीक निम्मंच आलं. पण खाचर मोकळं राहिलं नाही.

इथवर ठीक होतं. गाड्या सुरळीत झाल्यावर थोरला भाऊ दादरहून आला. मेणबत्त्या, बिस्किटं, औषधं, सगळं विचारपूर्वक बांधून आणलेलं. माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटेल. सगळी हकिगत त्याने ऐकून घेतली, दादूसच्या घरी गेला आणि त्याच्या हातात पाकीट ठेवलं. “तीन दिवसांचं भाडं आणि डिझेल. कमी असेल तर सांगा.” दादूसने पाकिटाकडे बघितलं, भावाकडे बघितलं, ते बंडीच्या खिशात घातलं आणि म्हणाला, “बरं.” भाऊ घरी येऊन म्हणाला, एक काम मार्गी लागलं. वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं.

नोव्हेंबरमध्ये दादूस परसू नांगरायला आला. आधी दारात उभा राहिला आणि विचारलं, “किती तास?” मी म्हटलं, दादूस, काय हे? तो म्हणाला, “तसं नाय. आता इचारलेलं बरं.” तासाचा दर सांगितला, काम केलं, पैसे घेतले. अंगणं त्याने पुढेही सगळ्यांची केली, आमचंही केलं, पण आमचं दरपत्रकाने. त्या जानेवारीत पोपटीला वयनी आली, मुलगा आला. दादूसला ताप होता म्हणे. पुढल्या वर्षी काय होतं ते आता आठवत नाही.

मग काळच फिरला. १० जानेवारी २०१३ रोजी नैनाची अधिसूचना निघाली, विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातली गावं नकाशावर रंगवली गेली, आणि साठ-चाळीस हे दोन आकडे पारावर, लग्नात, मयतीत ऐकू येऊ लागले. जमीन द्यायची, तिच्या ४० टक्क्यांचा विकसित भूखंड परत घ्यायचा. कुणी विरोधाच्या मोर्चात, कुणी बिल्डरच्या ऑफिसात, काहीजण दोन्हीकडे. खाचरांचे तुकडे विकले गेले, बांध मोडले. पोरं तळोजा आणि रसायनीच्या कारखान्यांत आधीच गेलेली होती. डोंगराच्या अंगाला फार्महाऊसं उठली आणि त्यांच्याबरोबर हिरवळी आल्या, ज्यांवर काही पिकवायचं नसतं, नुसतं कापायचं असतं. दादूसचा मुलगा अशाच एका बागेत कामाला लागला. हिरवळ कापायचा छोटा, बसून चालवायचा ट्रॅक्टर आहे, त्यावर तो बसतो. टोपी मिळते, बूट मिळतात. दादूस एकदा तिथे जाऊन आला होता. “बसून करतंय कना,” एवढंच त्याने वयनीला सांगितलं. त्याला ते आवडलं होतं की नाही, यावर मायलेकांत अजून एकमत नाही.

लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी दादूस गेला. आमचं घर भावाने विकलं ते त्यानंतर. व्यवहार चोख झाला, माझा वाटा वेळेवर जमा झाला. तक्रारीला जागाच ठेवली नाही त्याने.

या जानेवारीत भावाकडे जेवायला गेले होते. त्याचा मुलगा अमेरिकेत, मिशिगनमध्ये असतो. मोठ्या सरोवरावरची ओली हवा गारठून त्याच्या काठच्या गावांवर बर्फ म्हणून पडते, त्या पट्ट्यात. जेवता जेवता त्याचा फोन आला. फोन खिडकीला टेकवून तो बाहेरचं दाखवत होता. सकाळ व्हायची होती अजून, आणि दिव्याच्या उजेडात एक सत्तरीचा म्हातारा हिरव्या, पुढे दिवे असलेल्या बुटक्या ट्रॅक्टरवर बसून आमच्या पोराच्या दारातला बर्फ काढत होता. ट्रॅक्टर जॉन डिअरचा. त्या कंपनीने असा बागेतला छोटा ट्रॅक्टर पहिल्यांदा काढला १९६३ साली. हल्ली तिचा एक कारखाना पुण्याजवळ सणसवाडीलाही आहे, तिथे मोठे बनतात. पुढे जोडलेलं यंत्र बर्फ गिळायचं आणि वरच्या नळीतून लांब एका बाजूला फवारायचं. पोरगं सांगत होतं, नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करत जातो आणि प्रत्येकाच्या दारापुढे बर्फाचा कडक बांध टाकून जातो. तो फोडणं सगळ्यांत अवघड, आणि म्हातारा तो पाच घरांचा फोडतो. उन्हाळ्यात त्याच ट्रॅक्टरने हिरवळ कापतो.

“किती घेतो?” भावाने विचारलं.

“काही नाही घेत, बाबा.”

“असं कसं? दर ठरवून टाक. उगाच उपकार नकोत.”

“एकदा विचारलं होतं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.” पोरगं हसत होतं. “मग चकल्या नेऊन दिल्या. आता दर शनिवारी विचारतो, अजून आहेत का.”

भाऊ पुढचा घास घेत होता. मी त्याच्याकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. त्याने वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

गेल्या आठवड्यात वयनीला भेटायला गेले. मुलाने दुमजली घर बांधलंय, आळीच्या वरच्या अंगाला. टिलर विकलाय, डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीत. तिथे वरकस जमिनीवर अजून नाचणी-वरी करतात. चाक मात्र आहे, नव्या गच्चीवर, आणि त्यावर गोधडी. वयनीला मी मिशिगनच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तिने पैशांचं काही विचारलं नाही. तिला दुसरीच शंका होती.

“एवरा बरफ तो टाकतंय कुठं? दुसऱ्याच्या दारात नाय ना?”

त्याच्याच बागेचा एक कोपरा आहे, तिथे ढीग करतो, मी म्हटलं. महिनोन्‌महिने वितळत नाही म्हणे.

तिने मान हलवली. आमच्या खोलग्यातल्या गाळावर दोन वर्षं अशी वांगी आली होती की विकून, वाटून उरायची, आठवतंय ना, म्हणाली. आठवत होतं. भाडं घेऊन परसू नांगरणाऱ्या दादूसने त्या वर्षी आमच्या ओट्यावर वांग्यांची टोपली ठेवली होती, आणि तिचे पैसे सांगितले नव्हते.

“मंग बरफावर काय पिकतं?”

काही नाही, म्हटलं, पाणी होऊन जातं.

“अरे देवा,” वयनी म्हणाली, आणि आत जाऊन वर्तमानपत्राच्या पुडीत वांग्याचं बी बांधून घेऊन आली. पोराकडे पाठव, म्हाताऱ्याला दे म्हणावं, त्या कोपऱ्यात लाव. बी असं परदेशात पाठवता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात, हे मी तिला समजावत होते, आणि ती पुडीवर दोरा गुंडाळत होती.